नाव विचारणारा पहारेकरी

"मग त्याला एकच धागा का दिसतो? आंधळा आहे का तो?"

इंजिनिअर उभ्यानंच विचारत होता. लॅपटॉप अडलेली यंत्रं सोडवून देणाऱ्या दस्तगीर उस्तादांच्या खाटेवर आदळलेला.

उस्ताद म्हणाले, "नाव काय तुझं?"

"नावाचं काय करायचंय? तिकडं दूध नासतंय."

ते मात्र खरं. घाटापलीकडच्या दूध केंद्रात टाकी थंड ठेवणारं यंत्र सकाळपासून अडकलेलं. त्यातला प्रोग्रॅम इंजिनिअरनंच लिहिलेला. चार-पाच कामं एकदम चालतात, एकेका कामाचा एकेक धागा. इथं बसून ते बघता यावं म्हणून आत डिबग सर्व्हर ठेवलेला. आतला पहारेकरीच म्हणा, एकच धागा दिसतो तो यालाच. त्याला नुसते आकडी पत्ते कळतात. कुठल्या नावाचा पत्ता कुठला, ती यादी इकडं, लॅपटॉपात.

"तो तुला काही विचारतो का?"

"जोडला की सुरू. या नावाचा पत्ता काय, त्या नावाचा पत्ता काय. बंद केलं मी ते."

"का?"

"मी विचारायचं, त्यानं सांगायचं. सर्व्हर आहे तो, माझा मालक नाही."

चिंचेखाली पाठमोऱ्या बसलेल्या पोरांकडं उस्तादांनी बोट केलं. "त्यातला एक माझा नातू. हाक मार त्याला."

"नाव काय त्याचं?"

उस्तादांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "तू विचारायचं नाहीस. हाक मारायची."

"अहो, नाव सांगितल्याशिवाय मी कसा..."

बोलता बोलता इंजिनिअरनं लॅपटॉपाकडं बघितलं. खाली बसला. बंद केलेलं चालू केलं. पहारेकऱ्यानं एकेका नावाचा पत्ता विचारला, लॅपटॉपानं पत्ते दिले. पडद्यावर सगळे धागे उभे राहिले. त्यातले दोन एकमेकांची वाट बघत अडकले होते. त्यानं सोडवले. केंद्रावरून फोन आला, टाकी गार व्हायला लागली.

लॅपटॉप मिटून तो म्हणाला, "यात तुम्ही काय केलंत? मीच सोडवलं."

"तूच."

"पाया-बिया पडणार नाही मी."

"नको पडू."

तरातरा फाटकापर्यंत गेला. तिथं थांबला. मागं न बघताच म्हणाला, "पुन्हा अडलं तर... येऊ का?"

उस्ताद खाटेवर आडवे होत म्हणाले, "नाव सांगितलं नाहीस अजून. मलाही एकच धागा दिसतोय."