गुणाजीनं खेळात गाव घातलं

नांदगे गावात एक गुणाजी राहायचा. भोळा. किती भोळा? एकदा बँकेत पाटी दिसली, 'रांगेत उभे राहा'. बँकेत चिटपाखरू नव्हतं. तर हा गडी दारात दीड तास थांबला, अजून माणसं येईपर्यंत. एकट्याची रांग कशी होणार?

या गुणाजीला वेड एकाच गोष्टीचं. काळाडोंगर नावाचा ऑनलाइन खेळ. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. आपण लिहायचं, 'उत्तरेला जा'. खेळ म्हणतो, 'समोर गुहा आहे. आत कुणीतरी घोरतंय.' मग पळायचं का घोरणाऱ्याला उठवायचं, ते आपण ठरवायचं. गुणाजी दर वेळी उठवायचा. सहा वर्षांत चारशे वेळा मेला, तरी खूश.

खेळ बनवला होता तालुक्याच्या शेंडेबाईंनी. शाळेत गुणाजीला गणित शिकवायच्या, त्यातून बचावून रिटायर झाल्या होत्या. एक दिवस त्यांचा फोन आला.

"गुणाजी, खेळायला अकरा जण उरलेत. त्यातली एक मीच. महिनाअखेर बंद करते मी हे."

गुणाजी ओरडला, "बाई, नका ना! मग मी मरायला कुठं जाऊ?"

"मग काहीतरी नवीन जोड त्यात. तुझं गावच घाल. शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचला पन्नास जण एकदम आत दिसले, तर चालू ठेवते."

गुणाजीनं लगेच गाव जोडलं. लिहिलं, 'इथे गाव आहे.' संपलं.

बाई म्हणाल्या, "अरे, एवढंच? दिसतं ते सगळं लिही. एक गोष्ट सोडू नकोस."

"बरं बाई."

गुणाजी वही घेऊन गावभर फिरला. पाराच्या फरश्या मोजल्या, एकशे बारा. शेळ्या मोजल्या. नाना गुरवांच्या डाव्या कानातले केस मोजले, सतरा. उजव्या कानाचे राहिले, नाना काठी घेऊन उठले. सगळं खेळात घातलं. जो वाचायला बसला तो जांभई देत उठला.

बाई म्हणाल्या, "अरे, जे दिसतं ते शोधायला कोण येणार? जे लपलंय ते घाल!"

"बरं बाई."

आता गुणाजी भोळा म्हणून त्याच्यासमोर कुणी काही लपवायचंच नाही. त्यामुळे लपलेलं सगळं त्याला माहीत. त्यानं लिहिलं, 'ही सखूआत्याची कोठी. तांदळाच्या डब्यात हात घाल. पेढे आहेत. डॉक्टरनी बंद केलेले.' पुढं लिहिलं, 'हे संपत टेलरचं दुकान. मशीनखाली बघ. हेडसरांच्या पँटचं उरलेलं कापड आहे. टेलर म्हणतो आखडलं.'

गावात आगच लागली! खेळायचं म्हणजे पंचायतीच्या ओट्यावर बसायचं, कारण इंटरनेट तेवढ्याच जागी. बाकी गावात फोन फक्त बोलण्यापुरता. तो ओटा दुपारी भरला. "मशीनखाली बघ, मशीनखाली!" हेडसर खेळात बघून थांबले नाहीत, दुकानात जाऊन बघून आले. कापडात अजून एक हाफपँट निघाली असती.

बाई ओरडल्या, "अरे शहाण्या, खऱ्या माणसांचं घालायच्या आधी त्यांना विचारायचं!"

"बरं बाई."

सखूआत्या बाजारात भाजी घेत होती. सोबत सून. गुणाजी भाजीच्या ढिगावरून ओरडला, "आत्या, डबा सापडला म्हणून पेढे तुम्ही उशीत हलवलेत, ते घालू का खेळात?"

सून म्हणाली, "उशीत?"

आत्यानं हातातला दुधी गुणाजीच्या पाठीत घातला.

बाई म्हणाल्या, "चारचौघात बोलतात का असं? एकेकाला गाठून हळूच कानात सांगायचं! बरं, ते सोड. रविवारी पाचला खेळायला या म्हणून गावाला कळव."

"बरं बाई."

गुणाजीनं दवंडी दिली नाही. एकेकाला गोठ्यामागं नेलं आणि कानात फुसफुसला, "रविवारी पाचला. खेळात." सगळ्यांना वाटलं, आपल्यालाच सांगितलंय, म्हणजे नक्की काहीतरी घबाड आहे. रविवारी कुणी पाहुण्याला नको म्हणालं, कुणी साखरपुडा पुढं ढकलला.

शुक्रवारी ओट्यावरनं तक्रार गेली. खेळातल्या शाळेला दोन दारं, खऱ्या शाळेला एक.

बाई म्हणाल्या, "गुणाजी, खरं गाव आणि खेळातलं गाव तंतोतंत जुळव. एकात आहे ते दुसऱ्यात पाहिजेच. नसेल ते सरळ काढून टाक. आणि ऐक, शेवटच्या दिवसाची गंमत म्हणून देवळापासून शाळेपर्यंत मी खेळात एक भुयार घातलंय."

गुणाजीनं वही चाळली. खेळात भुयार आहे. गावात कुठंय?

"बरं बाई," तो म्हणाला आणि कुदळ आणायला गेला.

शनिवारी त्यानं देवळामागं खणायला सुरुवात केली. नाना गुरव म्हणाले, "काय रे हे?"

"भुयार."

"बरं," म्हणून नाना निघून गेले.

रविवारी पाचला पाच मिनिटं कमी होती. गुणाजी खणत खणत वाटेतल्या पंचायतीच्या ओट्याखाली आला. फोन वाजला. बाई नाचतच बोलत होत्या, "पन्नास झाले रे! ती सखूआत्यापण आली! आता फक्त पाच वाजू दे!"

गुणाजीनं आनंदानं कुदळ हाणली. मातीतनं एक जाडजूड नारिंगी वायर वर आली. गुणाजी थांबला. खिशातली वही काढली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं. मग पुन्हा कुदळ उचलली.

वर एकदम पन्नास जणांनी बोंब ठोकली.

फोन परत वाजला. "गुणाजी! सगळे गेले! पाच वाजले आणि आत एकजण नाही! कुठं गेले सगळे?"

"कुठं नाही बाई, ओट्यावरच आहेत. शिव्या देतायत."

"कुणाला?"

"अजून ठरलं नाही त्यांचं."

"तू काय केलंस?"

"मी काय नाही बाई. एक वायर तोडली फक्त. पंचायतीत जाणारी."

बाई किंचाळल्या, "अरे, पण का?"

"बाई," गुणाजी समजावून सांगायला लागला, "खेळात नव्हती ना ती."