शून्य पेटंटांचा तालुका

आमच्या शेजारची शलाका परुळेकर अर्थशास्त्राची संशोधक. तालुक्यातले कारागीर स्वतःच्या डोक्याने काय काय नवं बनवतात, यावर तिने तीन वर्षं घालवून अहवाल लिहिला. काजू फोडणाऱ्या बायकांच्या कार्यशाळेचं अनुदान त्यावरच टिकायचं होतं. तपासायला सरपोतदार साहेब आले, तेही घाटात गाडी बंद पडल्यामुळे दोन तास उशिरा. मी चहा घेऊन शलाकाकडे गेले. खरं सांगायचं तर ऐकायलाच.

साहेबांनी अहवाल उघडलाही नाही. "पाच वर्षांत इथून पेटंट किती? शून्य! म्हणजे नवीन काही घडलंच नाही. धोरण आकड्यांवर चालतं, बाई. अनुदान बंद."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. दारात जमलेल्या कार्यशाळेतल्या बायका आत सरकल्या.

शलाका म्हणाली, "करा सही. फक्त गाडीची किल्ली द्या."

"कशाला?"

"घाटात तुमच्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा तुटला, तेव्हा आमच्या कार्यशाळेतल्या रुक्सानाभाभींनी शिडाच्या कापडाचा बसवून दिला ना? काजूच्या तेलाने विकतचे पट्टे फुगतात, म्हणून काजू फोडायच्या यंत्रासाठी त्यांनीच तो शोधून काढला. पेटंट नाही त्याचं. तुमच्या आकड्यांत तो नाहीच, तर गाडीत तरी कशाला? काढून घेते. एसटी उद्या सकाळी आहे."

साहेबांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

"द्या तो अहवाल इकडे."

चहा पार गार झाला होता, पण साहेब मुकाट्याने प्यायले.