कोल्ह्याची कबुली

कुत्र्यांनाही राखणीचं शिक्षण घ्यावं लागे, त्या काळातली गोष्ट. माळावरच्या मेंढवाड्यातून एक कोकरू गेलं, आणि म्हाताऱ्या सोट्या कुत्र्याने सकाळीच एक कोल्हा धरून आणला. शिकाऊ कुत्री लाखीने कोल्ह्याचं तोंड हुंगलं. बोरांचा वास होता, रक्ताचा नव्हता.

"काका, पुरावा कुठाय?"

"कोल्हा आहे, हाच पुरावा. तू नुसतं बघून शीक," म्हणत सोट्याने कोल्ह्याच्या मानेत दात रुतवले.

"मीच खाल्लं," कोल्हा कळवळला.

लाखीला राहवेना. "आणि तुझ्या जन्माआधी गेलेली कोकरं?"

"तीही मीच. आधी मान सोडा."

भोवती जमलेली म्हातारी कुत्री खुशीत शेपट्या हलवू लागली. एका सकाळीत सगळे जुने गुन्हे उघडकीला आले होते.

लाखी कुंपणाकडे धावली. काट्यांना लांडग्याचे केस अडकले होते. ती भुंकभुंक भुंकली, पण कुणी जागचं हललं नाही. त्यांच्यापाशी वय होतं, नाक कधीच गेलं होतं.

तेवढ्यात वाड्याच्या पलीकडच्या टोकाला दुसरं कोकरू किंचाळलं.

सोट्याने पंजाखालच्या कोल्ह्याकडे रोखून पाहिलं. "हेही तूच ना रे?"

"हो," कोल्हा म्हणाला.