हाकारिणीचं नाव

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा उंबरमाचीला जायला गाडीवाट नव्हती आणि जायला तसं कारणही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. गाव तीस-बत्तीस उंबऱ्यांचं. समोर दरी आणि पाठीशी राई. राई म्हणजे देवासाठी राखलेली चार झाडं नव्हेत. तीन दिवस सरळ चाललं तरी पायाशी ऊन पडू नये, असलं ते रान. वर हिरडा, जांभूळ, अंजन, आणि खाली उभा माणूस दिसेनासा होईल एवढी कारवी. दरीकडे तोंड करून हाक मारली तर आपलाच आवाज तीनदा परत यायचा. राईकडे तोंड करून मारली तर एकदाही नाही. म्हणून तिला मुकी राई म्हणत.

मुकी राई माणसं ठेवून घेते, असं म्हणतात.

दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी जाई. मधाचं पोळं काढायला गेलेला गेला. घाट उतरून येणारा न्हावी धोकटीसकट गेला. एक बाप आणि त्याच्या दोन लेकी डोक्यावरच्या मोळ्यांसकट गेल्या. एक सरकारी कारकून घोड्यावर बसून मोजणीला गेला, त्याचा घोडा तेवढा परत आला. गावाने घोड्याला चंदी घातली, कारकुनाची फारशी चौकशी केली नाही. वाघ म्हणावा, तर वाघ हाडं टाकतो. कडा म्हणावा, तर वर गिधाडं फिरतात. इथे चिंधी नाही की चप्पल नाही. म्हाताऱ्या म्हणत, चकवा. तो ओळखीच्या आवाजात साद घालतो, आणि माणूस आवाजामागे चालत राहतो.

म्हणून उंबरमाचीत पोर चालायला लागलं की आधी त्याला हे शिकवत: राईत कुणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही. आपल्या चुलीवरच्या बाईनं, नुसतं नाव घेऊन, तीनदा हाक मारली तरच द्यायची. चकव्याला सगळं येतं, पण नाव तीनदा घेता येत नाही. कोणी हरवलं की त्याची आई नाहीतर बहीण राईच्या तोंडाशी असलेल्या उघड्या कातळावर उभी राही आणि तीन दिवस हाका मारी. आत शोधायला कोणी जात नसे, कारण शोधायला गेलेलाही हरवे. चौथ्या दिवशी गाव अंघोळ करून मोकळं होई.

रीत चांगली होती. आईच्या हाकेवर कितीतरी माणसं बाहेर आलेली होती. पण ज्याला आई नाही, बहीण नाही, नुसती बायको आहे, त्याचं काय करायचं, हे रीत घालून देणाऱ्यांना सुचलं नव्हतं. बायकांना विचारलं असतं तर कदाचित सुचलं असतं.

तर त्या गावात हैबती नावाचा एक माणूस होता. आई-बाप पटकीत गेले, आजीने वाढवला, पुढे आजीही गेली. वैशाखात त्याचं लग्न झालं. बायको घाटाखालची, कुठल्या गावची ते गावाला नीट आठवत नाही. वऱ्हाड पाच माणसांचं होतं, जेवलं आणि उतरून गेलं. नवरी अबोल होती. कोणी काही विचारलं तर मानेने सांगे. ती सगळं बघत असते, पण बोलत नाही, असं बायका म्हणत, आणि ते काही फार कौतुकाने म्हणत नसत. तिला सगळे हैबतीची नवरी म्हणत. तिचं नाव एकट्या हैबतीला ठाऊक होतं. लग्नात सुपारी सोडवताना त्याने ते तिच्या कानात घेतलं होतं, आणि पुढे घरात, दार लोटून, रोज घेत होता.

लग्नाला सोळा दिवस झाले. कोवळा बाळहिरडा गोळा करायचे दिवस होते. हैबती पोतं आणि कोयता घेऊन सकाळी राईत गेला आणि दिवस मावळला तरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाव कातळावर जमलं. नवरीला पुढे उभं केलं. तिच्या तळहातांची हळद अजून गेली नव्हती. पाटील म्हणाले, मार हाक. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईने शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईने. तिने मागे वळून पाटलांच्या आईकडे पाहिलं. या म्हातारीला सगळं गाव थोरली आई म्हणे आणि तिच्या शब्दावर गावातल्या चुली पेटत आणि विझत.

"थोरल्या आई," ती म्हणाली, "नाव घेऊ का?"

उंबरमाचीत तिने मोठ्याने बोललेलं हे पहिलं वाक्य, असं म्हणतात.

"अगं पोरी," थोरली आई म्हणाली, "जिता असला तर नाव घेऊन मारशील. मेला असला तर नाव घेऊन उपेग काय?"

म्हातारीचा शब्द कोणी मोडत नसे. मग पाटलांनी सांगितलं, जशी घरात हाक मारतेस तशी मार. आणि तिने राईकडे तोंड करून हाक मारली, "अवंऽऽ, ऐकलं का?"

कातळावरच्या साऱ्या नवरेमंडळींनी चमकून वर पाहिलं. राईतून मात्र काही आलं नाही. दिवसभर ती "अवं, अवं" करत राहिली. संध्याकाळी तिचा घसा बसला. दुसऱ्या एका बाईने, मी घेते नाव, मला काय होतंय, असं म्हणून पाहिलं. पण परक्या चुलीवरच्या हाकेला हैबती ओ देणार नाही, हे लहान पोरालाही माहीत होतं.

पुढच्या दिवशी बायकांनी तोड काढली. नाव घ्यायचं नाही, पण उखाण्यात घेतलं तर चालतं. लग्नात चाललं, तर रानात का चालू नये? झालं, चौघी-पाचजणी यमक जुळवायला बसल्या. एकीचं राईला जुळेना, एकीचं कड्याला. उन्हं डोक्यावर आली तेव्हा उखाणा तयार झाला, आणि नवरीने तो मुक्या राईला ओरडून सांगितला:

"कारवीच्या फुलाला सात वर्षांत नाही घाई,
हैबतरावांचं नाव घेते, परत दे गं राई."

छान झाला, असं बायका म्हणाल्या. एकीने तर पदराने डोळे पुसले. तो उखाणा तिने त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी घसा फुटेस्तोवर म्हटला. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना तिला वाटलं, डाव्या अंगाला फुटक्या कड्याखाली काहीतरी खसपसलं. नाव तिच्या दातांपर्यंत आलं. आणि तिने ते गिळलं. त्या वेळी तिच्या तोंडावर कोणी हात ठेवलेला नव्हता. हे तिने पुढे स्वतःच सांगितलं, नाहीतर गावाने ते थोरल्या आईच्या माथी मारलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी गावाने अंघोळ केली. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि रीतीप्रमाणे रडल्या. त्यांचं रडून होईपर्यंत ती बसून राहिली. मग उठली आणि मोकळ्या हातांनी कातळाकडे चालू लागली. कोणी अडवलं नाही. आता तिने काय म्हणावं आणि काय म्हणू नये, यात गावाचं काही अडकलेलं नव्हतं. नवराच नाही म्हटल्यावर त्याचं आयुष्य कुठून कमी होणार?

कातळावर उभं राहून तिने पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं.

"हैबतीऽऽ!"

दरीतली घार फिरायची थांबली, असं म्हणतात. तिने दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा कारवी वारा नसताना वाकली. तिसऱ्यांदा घेतलं, आणि जी राई कधी कोणाला बोलली नव्हती, तिच्यातून ओ आली. बारीक, कोरड्या घशाची. फुटक्या कड्याखालून.

ती धावत गेली. कातळापासून शंभर पावलं असतील नसतील. कपारीत हैबती पडला होता, पाय मोडून, उशाला हिरड्याचं पोतं. ओठ फुटले होते. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"दिसभर कुनीतरी 'अवं, अवं' करत व्हतं," तो म्हणाला. "म्हनलं, चकवा."

"मी होते."

"तुझा मोठा आवाज मी कधी ऐकला व्हता गं? मंग गानं ऐकू आलं. म्हनलं, चकव्याच्या घरी लगीन लागलंय. नाव व्हतं त्यात, पर राव लावलेलं. मला राव कोन म्हनतंय?"

तो हसला. मग त्याने तिचं नाव घेतलं, आणि तेवढ्यावर तो गेला.

ती गावात आली आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मग थोरली आई म्हणाली, "तरी मी म्हनलं व्हतं, नाव घेऊ नको. बघा, घेतलं आणि गेला."

आणि गावाला ते पटलं.

पुढची गोष्ट गाव जास्त आवडीने सांगतं. दोन वर्षांनी पाटलांचा भाऊ राईत हरवला. त्याला आई होती, म्हणजे थोरली आईच, पण तिचा आवाज आता परसापर्यंतही पोचत नव्हता. बायको होती, ती पदर तोंडात घालून उभी. तेव्हा थोरली आई स्वतः काठी टेकत हैबतीच्या झोपडीशी गेली, दाराबाहेर थांबली आणि लेकाचं नाव सांगितलं. आत आली नाही, विधवेचं घर ते. ती बाई उठली, कातळावर गेली आणि तीनदा हाक मारली. पाटलांचा भाऊ चुलीवरची हाक आल्यासारखा निमूट बाहेर आला. त्या दिवसापासून तिला हाकारीण म्हणू लागले.

तिच्या हाकेला मुकी राई नाही म्हणत नसे, असं म्हणतात. तिने हाक मारली आणि बाप-लेकी मोळ्यांसकट बाहेर आल्या, मोळीतल्या फांद्यांची पानं हिरवीच होती. तिने हाक मारली आणि वीस वर्षांपूर्वीचा न्हावी धोकटी घेऊन आला, वस्तऱ्यावरचं पाणी वाळलं नव्हतं, आणि त्याने विचारलं, आता कुणाचा नंबर? त्याची बायको पिकल्या केसांची झाली होती. तिने त्याला ओळखलं, पण घरात घेतलं नाही, कारण घरात दुसरा होता. तो न्हावी धोकटी उचलून पुन्हा घाटाच्या वाटेला लागला. हाकारीण बघत राहिली. माणूस बाहेर काढणं तिच्या हाती होतं, त्याला जागा देणं नव्हतं.

तिला जागा कुठे होती? लग्नाच्या मांडवात तिला बोलावत नसत. हळदी-कुंकवाला तर नाहीच. पण बारशाची गंमत अशी, की पाळण्यात नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, की तीच आई मागच्या दाराने गुपचूप हाकारिणीकडे जाई आणि कानात सांगे, "बाई, पोराचं नाव ध्यानात ठेवा हं. पुढंमागं लागलं तर." ती मान हलवी. अशी साऱ्या गावाची नावं तिच्यापाशी जमा झाली. तिला तिचं नाव कोणी विचारलं नाही. ती सांगायची नाही, हेही खरं. कोणी विचारल्याशिवाय बोलायची सवय तिला नव्हतीच.

वर्षं गेली. एका सकाळी पाणवठ्यावर ती हंडा खाली ठेवून उभी राहिली. बायकांनी विचारलं, काय झालं.

"मला हाक आली," ती म्हणाली.

"कुनाची? राईत न्हाई ना जायाचं, बाई, तुम्हीच सांगता."

"नावानं आली," ती म्हणाली. "तीनदा."

रीतीत बसत होतं. चुलीवरचं माणूस, नुसतं नाव, तीनदा. तिचं नाव माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं. पदर नीट करून, जशी नवी सून पहिल्या सणाला निघते तशी ती निघाली, आणि कारवी तिच्यामागे मिटली.

ती परत आली नाही.

तेव्हा कुठे गाव घाबरलं. सगळी बायका-माणसं कातळावर धावली. तिच्या हाकेवर परत आलेले चाळीसजण पुढे उभे राहिले. पाटलांच्या भावाने तोंडापुढे हात धरले, छाती भरून घेतली, आणि तसाच उभा राहिला. मागे वळून म्हणाला, "नाव काय हिचं?"

त्याने बायकोला विचारलं, बायकोने जावेला, जावेने सासूला. घाटाखाली माणूस पाठवला, पण कुठल्या गावाला जायचं ते त्याला कोणी सांगू शकलं नाही. तो मिठाची गोणी घेऊन परत आला. तीन दिवस गाव कातळावर उभं होतं. "हाकारीण!" म्हणून झालं, "हैबतीची!" म्हणून झालं. कोणी कोणी "अवं, बाई" म्हणूनही पाहिलं. राईने काही उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी गावाने अंघोळ केली.

त्याला किती पिढ्या झाल्या कोण जाणे. उंबरमाचीत आता गाडीवाट आहे. पण अजूनही गावात नवी सून आली की पाचव्या दिवशी तिला वाजतगाजत हाकारिणीच्या कातळावर नेतात. तिथल्या धोंड्याला सवाष्णी हळद-कुंकू लावतात, जे तिला कधी कोणी लावलं नाही. मग सुनेने राईकडे तोंड करून नवऱ्याचं नाव तीनदा घ्यायचं. नुसतं, राव न लावता. बायका हसतात, नवरा लाजतो. घरी परतल्यावर ती पुन्हा "अवं"च म्हणते, ते सोडा. पण वेळ आलीच, तर त्याने तिचा मोठा आवाज ऐकलेला असतो.

त्यानंतर हसणं थांबतं. सून आणखी एक पाऊल पुढे होते आणि आपलं माहेरचं नाव, तेही तीनदा, राईला ओरडून सांगते. न जाणो, त्या बाईचंही तेच असेल. लहान पोरांनासुद्धा तेवढा वेळ गप्प बसवतात. सगळं गाव कान देऊन उभं राहतं.

मग कोणीतरी म्हातारी धोंड्यावरचं कुंकू बोटाने सारखं करते आणि म्हणते, "हे नव्हतं. चला, पुढल्या सुनेचं बघू."