तळाला भोक असलेली वाटी

एकदा काय झालं, डोंगराखाली एक गाव होतं. गावाला झरा एकच, आणि त्यात राहायच्या साती आसरा, पाण्यातल्या सात देवी. त्यांनी राजाला तांब्याची वाटी दिली. तिच्या तळाला बारीक भोक. वाटी घंगाळातल्या पाण्यावर ठेवायची. भोकातून पाणी आत चढायचं आणि डुबुक! वाटी बुडाली की एकाची पाळी संपली. मग पाट दुसऱ्याच्या रानात. आसरा म्हणाल्या, "वाटीपाशी भेद केलात, तर झरा हातभर खाली जाईल."

आणि वाटीवाल्यानं केलाच की! व्याह्याची पाळी आली, तसं यानं भोकाला खालून बोट लावलं. वाटी बुडेचना. झरा गेला हातभर खाली.

राजा म्हणाला, "ज्याचं आपलं कोणी नाही, असा माणूस बसवा." मग एक बैरागी आणला. तो बसला डोळे मिटून. वाटी कधीच बुडाली, पाट आपला एकाच रानात.

"बाबा, आमची मिरची वाळली की हो!"

"मला काय त्याचं?"

झरा आणखी खाली.

मग गावातल्या शिरपाला बसवलं, पाळी कुणाची ते दिसू नये म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून. पण कान उघडेच ना! कुणीतरी खोकलं. "मामा, तुम्ही होय?" म्हणाला, आणि लागलं बोट. झऱ्यात घोटाभर पाणी उरलं. आता एकदा चुकलं की गाव उठलंच.

तेव्हा सगुणाबाई आपणहून पुढं आली. "महाराज, मला लेक आहे इथं, चंद्रा. आणि ही कोंडाबाई, माझी वैरीण. दोघींची रानं लागून आहेत."

"मग तुझ्या हातून सारखं कसं होणार?"

"माझ्या हातावर कशाला सोडता? लेकीच्या पाळीला वाटीपाशी वैरिणीला बसवा. वैरिणीच्या पाळीला लेकीला. मी बसते समोर. आणि माझा वाफा सगळ्यांच्या शेवटी."

चंद्राची पाळी आली. वांग्याची एक ओळ भिजायची राहिली, आणि वाटी काठापर्यंत भरत आली.

"आई गं, एवढं एक बोट लाव ना!"

 सगुणाबाईनं काय केलं असेल? दोन्ही हात मांडीखाली घातले आणि हातांवरच बसली! डुबुक.

कोंडाबाई बघतच राहिली. मग तिची पाळी आली. चंद्रा डोळे पुसत वाटीपाशी बसली, पण लवकर बुडावी म्हणून तिनं वाटी खाली दाबली नाही.

सगळ्यांचं झालं. शेवटी सगुणाबाईची पाळी. तिनं पाट वळवला लेकीच्या कोरड्या ओळीत.

"अगं, हा भेद नाही का?" राजानं विचारलं.

"हे माझ्या वाट्याचं, महाराज. माझं कुणालाही देईन. गावाचं कसं देऊ?"

तोच झऱ्यातून सात जणींचं हसू आलं, खळखळ खळखळ, आणि पाणी पार काठाला लागलं. सगुणाबाईचा वाफाही भिजला. कोंडाबाईनं चंद्राकडून वांगी मागून नेली, भरीत करून परत पाठवलं, आणि सगळी पोटभर जेवली.

चला पोरांनो, आडवी व्हा. माझ्या कुशीत काल बबी होती ना? मग आज दामूची पाळी. बबे, रुसू नकोस, माझी उशी घे. ती माझी आहे, मी देते.