साळिंदराने हत्ती परत पाठवला

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात, जांभळीच्या झाडाखाली एक म्हातारा साळिंदर राहत असे. त्याचे बीळ त्याने स्वतःच्या नखांनी खणले होते, आणि तेही घाईने नव्हे, वर्षानुवर्षे. छपराला धक्का लागू दिला नाही, जांभळीच्या मुळाला कधी ओरखडा उमटू दिला नाही. रानात बिळे पुष्कळ होती. असे बीळ दुसरे नव्हते. हे साळिंदराला ठाऊक होते आणि तो ते लपवतही नसे.

एके वर्षी थंडी सरता सरता बिळाच्या वरच्या अंगाला, उतारावर, नवा पाझर फुटला. धार बारीक होती, पण पाणी रोज बिळाकडे सरकत होते. मागच्या खोलीची भिंत ओली झाली. मुलांनो, त्याच खोलीत साळिंदराच्या सुनेची दोन पिल्ले होती. त्यांचे काटे अजून गवतासारखे मऊ. भिंत ढासळली तर पिल्लांना उघड्यावर आणावे लागले असते, आणि त्या उतारावर बिबट्या फिरत असे.

उपाय एकच होता. पाझरापासून नाल्यापर्यंत चर खणायचा आणि पाणी वळवायचे. पण जागा अवघड होती. एका बाजूला बिळाचे छप्पर, दुसऱ्या बाजूला जांभळीचे जाड मूळ. मधल्या चिंचोळ्या पट्टीतूनच चर जाऊ शकत होता. साळिंदराची नखे आता झिजली होती. मुलाचा पाय दगडाखाली सापडून दुखावला होता. खणणारा बाहेरून आणावा लागणार होता. कोणाकडे काही मागायला साळिंदराला आवडत नसे. पण ओल त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

तेवढ्यात कोल्हा आला. दुसऱ्याच्या घरातले काम त्याला नेहमी लांबूनच कळे.

"आजोबा, खणायचंच आहे ना? मग हत्तीला बोलवा," तो म्हणाला. "हत्ती तुमच्या दारात! अख्खं रान बघायला येईल. दुसऱ्या कोणाच्या दारात कधी हरीण तरी उभं राहिलंय का?"

साळिंदराची मान ताठ झाली. बोलणे त्याला आवडले. "बोलाव," तो म्हणाला.

हत्ती आला. त्याच्यामागे माकडे आली, ससे आले, मोर आला. साळिंदर बिळाच्या तोंडाशी छाती काढून उभा राहिला. हत्तीने पट्टीकडे पाहिले आणि सोंड हलवली.

"एवढंच ना, म्हातारबा? चर कशाला, तुम्हाला तळंच करून देतो!"

माकडांनी टाळ्या पिटल्या. हत्तीने एक पाऊल पुढे टाकले, मग दुसरे. आणि बिळाच्या आतून सुनेची हाक आली.

"मामंजी! वरून माती पडतेय! पिल्लांच्या अंगावर पडतेय!"

"थांब!" साळिंदर ओरडला.

हत्ती चकित झाला. "अहो, मी अजून सुरुवातही केली नाही."

"तेच म्हणतोय मी. तू नुसता उभा राहिलास तर माझं छप्पर सुटायला लागलं. खणायला लागशील तेव्हा काय उरेल?"

कोल्हा साळिंदराच्या कानाशी लागला. "आजोबा, आता परत पाठवलात तर सगळे हसतील. आपला आब तरी राखा."

"आब माझा आहे," साळिंदर म्हणाला. "आणि छप्परही माझंच आहे." मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असे हत्तीला म्हणाला, "तुझ्या ताकदीला मी नाव ठेवत नाही. माझी जमीन तुला पेलत नाही. बोलावण्याआधी मी ती पाहायला हवी होती. आता आलास त्याच पावलांवर पाय ठेवून मागे सर. मी सांगतो तसा."

एवढा मोठा हत्ती, पण एका साळिंदराच्या सांगण्यावरून एकेक पाय मागे टाकू लागला. "डावा. थोडा इकडे. हां, आता उजवा." माकडे तोंडावर हात ठेवून हसत होती. साळिंदराने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. हत्ती खडकावर पोहोचला तेव्हा साळिंदर म्हणाला, "नाल्याच्या तोंडाशी सागाचा ओंडका आडवा पडलाय. माझं पाणी तिथेच अडेल. पलीकडे सगळा कातळ आहे, तिथे तुझा पाय कोणाच्या घरावर पडणार नाही. तो ओंडका हलवणारा या रानात तुझ्याशिवाय दुसरा नाही."

हत्तीचे कान फडफडले. "मग हे आधी सांगायचं की! आत्ता हलवतो." आणि तो डुलत नाल्याकडे निघून गेला.

मग साळिंदराने जे पहिल्यांदा करायला हवे होते ते केले. पाठीवरचा एक लांब काटा काढला, छप्पर आणि मूळ यांच्यामध्ये आडवा ठेवून ती पट्टी मापली आणि तोच काटा घेऊन दारात बसला. खणायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी काट्याने मापायचा, मग प्रश्न विचारायचा.

रानडुक्कर आले. खांदे रुंद, पण पोट आत ओढून पट्टीत मावत होते.

"खणताना कंद लागला तर?" साळिंदराने विचारले.

"खाईन."

"आणि जांभळीचं मूळ लागलं तर?"

डुकराने थोडा विचार केला. "गोड असेल तर तेही खाईन, काका. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

"खरं बोललास, म्हणून राग नाही. जा."

उंदीर तुरुतुरु आला. "मी कुठेही मावतो!"

"मावतोस. पण तुझा चर नाल्यापर्यंत जाईपर्यंत माझी नातवंडं पोहायला शिकतील."

यावर उंदीरसुद्धा हसला.

शेवटी खवले मांजर आले. अंगभर खवले, मान खाली, पुढच्या पायांना लांब वाकडी नखे. कोल्हा खदखदून हसला. "हे खणणार? आजोबा, कोणी शिंकलं तरी याची गुंडाळी होते!"

साळिंदराने काटा त्याच्या पाठीवर आडवा धरला. दोन्ही बाजूंना जागा उरली.

"मूळ लागलं तर?"

"वळसा घालीन."

"खणलेली माती कुठे टाकशील?"

"जांभळीच्या बुंध्याशी. छपरावर ओझं नको."

"काम झाल्यावर बाहेर कसा पडशील?"

"चरातूनच. नाल्याकडे."

साळिंदराने काटा खाली ठेवला. "लाग कामाला."

खवले मांजर सावकाश खणत होते, पण रात्र पडली तरी थांबत नव्हते. नखे मातीत जात, माती मागे येत, मग बुंध्याकडे ढकलली जात होती. छपरावरून आत मातीचा कणही पडला नाही. अर्ध्याहून जास्त चर झाला असेल, तेवढ्यात उताराखालच्या झुडपांतून बिबट्याचा खाकरल्यासारखा आवाज आला. खवले मांजराची चरातच घट्ट गुंडाळी झाली. काम थांबले. पाझराचे पाणी मात्र थांबले नाही.

कोल्हा केव्हाच उंच खडकावर जाऊन बसला होता. तिथूनच तो ओरडला, "बंद पडलं की हो तुमचं अवजार! हत्ती असता तर अशी पाळी आली नसती!"

साळिंदर चराशी गेला, उताराकडे पाठ केली आणि सगळे काटे उभे केले. काट्यांचा खुळखुळाट रानभर ऐकू गेला.

"उघड," तो गुंडाळीला म्हणाला. "तुला मी निवडलंय. खणणं तुझं, राखण माझी."

गुंडाळीतून बारीक आवाज आला. "जाणार नाही ना?"

"मला माझ्या जागेवरून कोणी हलवलेलं ऐकलंयस कधी?"

खवले एकेक करून उघडले. नखे पुन्हा मातीत गेली. बिबट्या झुडपांबाहेर आला, ते उभे काटे त्याने नीट पाहिले आणि निमूट वाट बदलली.

उजाडता उजाडता शेवटचे ढेकूळ फुटले. पाणी चरात शिरले, मुळाला वळसा घालून खाली धावले आणि मोकळ्या नाल्यात पडले. ओंडका तिथे नव्हता. आतून सून म्हणाली, "मामंजी, भिंतीचं पाणी थांबलं. पिल्लं झोपलीत."

साळिंदराने आधी छप्पर तपासले. मग मुळावरून पंजा फिरवला. एक ओरखडा नव्हता. तो खवले मांजराला म्हणाला, "हात चांगला आहे तुझा." त्याच्या तोंडून एवढे कौतुक रानात आजवर कोणी ऐकले नव्हते.

कोल्हा खाली उतरून आला. "आजोबा, सगळे मला विचारतील. काय सांगू? हत्ती दारातून परत पाठवला आणि हे भित्रं मांजर ठेवून घेतलं, असं सांगू?"

"अस्संच सांग," साळिंदर म्हणाला. "आणि पुढे हेही सांग, की दारात आलेल्या हत्तीला 'मागे सर' म्हणायची छाती या रानात एकाचीच झाली."

एवढे बोलून तो ताठ मानेने आपल्या बिळात शिरला आणि कोरड्या जमिनीवर आडवा झाला.

तात्पर्य : कामासाठी कोणाला बोलवायचे हे ठरवताना त्याची ताकद आणि थाट पाहून भुलू नये. आधी आपली जागा किती रुंद आहे आणि किती भार सोसते ते मापावे, त्या मापाचा निवडावा, आणि एकदा निवडला की त्याच्या पाठीशी उभे राहावे.