दामूअण्णांची खाली

“मग आता काय राहिलं, मास्तर?”

सुगतनं दोन्ही काड्या मांडीवर ठेवून विचारलं. घाम कपाळावरून नाकावर आला होता. तो पुसायचंही त्याला भान नव्हतं.

शांतवन मास्तर खुर्चीत बसलेले. डोळे मिटलेले. हातातल्या बशीत चहा निवत चाललेला.

“मास्तर... झोपलात का?”

“झोपू देतोस होय?”

मी दोन अंगणांमधल्या भिंतीच्या अलीकडं कुरडया वाळत घालत होते. खरं म्हणजे कुरडया घालून कधीच झाल्या होत्या. पण कावळे हाकलायला कुणीतरी हवंच ना, म्हणून उभी होते.

सुगत आमच्या शेजारच्या दामूअण्णा अहिरेंचा मुलगा. अण्णा रेल्वेत फिटर होते, आणि लग्नसराईत मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात ड्रमसेट वाजवायचे. मास्तर पुढं उभे राहून क्लॅरोनेट फुंकायचे, अण्णा त्यांच्या पाठीमागं. मनमाडात तेव्हा ज्याच्या लग्नाला हे दोघं नाहीत, त्याचं लग्न लागलं की नाही अशी लोकांना शंका यायची.

अण्णा गेले तेव्हा सुगत शाळेत होता. सेट पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. मास्तरांनीही क्लॅरोनेट पेटीत ठेवलं ते ठेवलंच. कुणी विचारलं तर म्हणायचे, “दमा आहे.”

यंदा सुगतनं तो सेट माळ्यावरून काढला.

काय दशा झाली होती! वरचा आकाशी, मोत्यासारखा चमकणारा प्लास्टिकचा पत्रा फुगून सुटलेला. कडी गंजून एकमेकांना चिकटलेली. पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये चिमणीचं जुनं घरटं. सुगतनं एकेक स्क्रू डिझेलमध्ये भिजवून सोडवला. लाकडाच्या चिरेत सरस भरला. कडी घासली, इतकी घासली की त्यांच्यात बघून भांग पाडावा. मालेगावच्या ढोलवाल्याकडून कातडं मढवून आणलं. फुगलेला पत्रा फडकं ठेवून इस्त्रीनं बसवला. इस्त्री माझी होती. अजून तिच्या बुडाला आकाशी डाग आहे.

मी म्हटलंही होतं, “अरे, त्यापेक्षा नवीन घे की.”

तर म्हणाला, “काकू, नव्यात अण्णा कुठून येणार?”

मग मला जरा समजलं. अण्णांच्या वाजवण्याची एक कॅसेट होती, तिची फीत उंदरानं नेली. त्याच्या आईला विचारलं तर ती म्हणते, मी मांडवात पंगती वाढत असायचे, ऐकलंय कुणी! आता अण्णांचा तो ठेका जसाच्या तसा एकाच माणसाच्या कानात उरला होता.

“आणि त्यांचं वय बघा,” सुगत म्हणाला होता. “मास्तर गेले की अण्णा दुसऱ्यांदा जातील, काकू.”

म्हणून मास्तरांना बोलावलेलं. ते काठी टेकत यायचे, ऐकायचे, नाही म्हणून मान हलवायचे आणि जायचे. ते गेले की सुगत परत स्क्रू पिळायला बसायचा. कधी कातडं ओढायचा, कधी ढिलं करायचा. एकदा त्यानं सगळा सेट उलगडून लाकूड आतून घासलं. मास्तर आले, ऐकलं... मान हलवली.

आज मात्र सुगत हट्टाला पेटला होता.

“मास्तर, नाशकापर्यंत विचारा. असा सेट कुणाकडं नाही. एक तरी वायसर नवा दिसतो का? सगळा जुना माल जमवलाय मी.”

“सेट छान झालाय.”

“अण्णांच्या वेळी होता तसा?”

“छे. दामूच्या वेळी इतका चांगला कुठं होता? एक पाय सुतळीनं बांधलेला असायचा.”

सुगतला हसावं की रडावं कळेना. मलाही कळेना.

“मग आवाज का येत नाही अण्णांचा?”

मास्तरांनी बशी तोंडाला लावली. थोडा चहा प्यायले. परत डोळे मिटले.

“खाली आली नाही.”

सुगतनं सेटाकडं पाहिलं. मी पण टाचा उंच करून पाहिलं. काय आली नाही खाली?

मग त्याची ट्यूब पेटली. “झांज!” म्हणाला. “झांज फार वर बांधलीय मी!”

मलाही पटलं. अण्णा ठेंगणे होते, हा चांगला उंच. बापाच्या मापाचा सेट आणि मुलाच्या मापाची झांज, कसं जमेल? सुगतनं दांड्याचा चाप सैल केला, पितळेची झांज खांद्याला होती ती छातीला आणली. वाजवलं.

मास्तर डोळे मिटूनच होते.

“नाही आली.”

आणखी उतरवली. पोटाशी आली. वाजवलं.

“नाही रे...”

“अरे सुगत,” मी भिंतीवरून म्हटलं, “दांडाच काढ ना. खाली म्हणजे एकदम खाली असेल त्यांच्या मनात.”

त्यानं ऐकलं माझं. दांड्याचा वरचा तुकडा काढून टाकला. झांज आली गुडघ्याला. बिचारा वाकून वाकून वाजवायला लागला, जसं काही पाटावर बसून भाकरी थापतोय.

मास्तरांनी डोळे उघडले. झांजेकडं पाहिलं. मग सुगतकडं. मग, कसं कोण जाणे, बरोबर माझ्याकडं.

“ही कुणी वाजवायची आता? मांजरानं?”

“तुम्हीच म्हणालात ना, खाली आली नाही!”

“मग? आलीय का?”

“याच्यापेक्षा खाली जमीन आहे, मास्तर!”

मास्तर हसले. हसता हसता खोकला लागला. खोकला थांबेपर्यंत सुगत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. चिडला होता, तरी हात हळूच फिरवत होता.

मास्तरांनी बशी बाजूला ठेवली. आणि मांडीवर टाळी दिली. एक. परत दिली. मग तोच हात उलटा करून नुसता हवेत धरला... तळवा आभाळाकडं, रिकामा. मग परत टाळी.

टाळी, टाळी... रिकामा हात... टाळी.

“ही टाळी,” मास्तर म्हणाले. आणि तळवा हवेत धरून, “ही खाली.”

सुगत बघतच राहिला.

“ती खाली होय!”

“दामू मुळात ढोलकीवाला. मी त्याला या सेटावर बसवला. बूट घातले, टाय बांधला. पण ढोलकीतली खाली काही त्यानं सोडली नाही. दर फेऱ्याला यायची.”

आमच्या आळीतल्या भजनात पण असा हात उलटा करतात. मला आजवर वाटायचं, ते माश्या हाकलतात.

सुगतनं कपाळाला हात लावला. तो मोबाईलवर बघून शिकलेला. वन, टू, थ्री, फोर, सगळी घरं भरलेली. एकही घर रिकामं ठेवायचं नसतं असंच त्याला वाटायचं.

झांज परत छातीला गेली. तो बसला, खांदे सैल केले.

“म्हणजे तिथं मारायचं नाही. एवढंच ना?”



सुगतनं ठेका धरला. आणि खरंच, दर फेऱ्याला एका जागी त्याच्या काड्या थांबायला लागल्या. बरोबर त्याच जागी, जराही इकडंतिकडं नाही. मला तर फार आवडलं. मी भिंतीवर बोटानं ताल धरला. आज पेढे मिळणार म्हणून घरातली लहान ताटली कुठं आहे तेही आठवून ठेवलं.

तो थांबला. चेहरा उजळलेला.

“आली?”

मास्तरांनी मान हलवली. नाही.

“आता का नाही? सोडली की मी जागा!”

“तू टाकलीस.”

“टाकली काय, सोडली काय...”

“दामू टाकायचा नाही. द्यायचा.”

“कुणाला?”

मास्तरांनी बशी उचलली.

“कुणाला द्यायचे अण्णा?”

मास्तरांनी तळाचा चहा संपवला, मिशी पुसली. 

सुगत उठलाच. काड्या त्यानं त्या गुळगुळीत घासलेल्या कड्यावर आपटल्या. एवढ्या मेहनतीनं चमकवलेलं कडं, पण त्याला कुठली शुद्ध!

“हे बघा मास्तर, मला येड्यात काढू नका. गंज असेल म्हटलं, गंज काढला. कातडं असेल म्हटलं, बदललं. आता रिकामी जागा पण करून दाखवली. तुम्हाला सांगायचं नसेल तर नाही म्हणा. पण मी... मला अण्णांचा चेहरा फोटोत दिसतो हो. बोलणं पण आता आठवत नाही. एवढंच होतं.”

आवाज फाटला त्याचा. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. म्हणजे माझ्याकडंच की. मी पटकन कुरडयांकडं वाकले.

“मास्तर,” मी वाकल्या वाकल्याच म्हटलं, “लेकराला आणखी किती रडवता? सांगून टाका ना काय ते.”

“मला सांगता आलं असतं तर वाजवत कशाला बसलो असतो आयुष्यभर, वत्सलाबाई?”



मास्तर उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली. काठीशिवाय चालत सेटापुढं आले, हळूहळू. मला वाटलं, सेटाला हात लावून बघतील. तर नाही. सेटाकडं पाठ केली. पाय थोडे फाकवले, मान ताठ केली. समोर काय, तर दोरीवर वाळणारी सुगतची पँट आणि पलीकडं मी.

“बस,” म्हणाले. “धर ठेका.”

“क्लॅरोनेट आणू का घरून?”

“धर म्हणतो ना.”

सुगत बसला. नाक ओढलं. काड्या घेतल्या. मन नव्हतं त्याचं, पण हात चालू झाले.

मास्तरांनी दोन्ही हात छातीपुढं धरले. हातात काही नाही. आणि बोटं हलायला लागली. एक वर, एक दाबलेलं, करंगळी पुढं... गाल फुगले. ओठ दुमडले. आवाज नाही काही. वरातीपुढं डुलावं तसा माणूस डुलत होता आणि आवाज नाही!

मला आधी हसू आलं. मग भीती वाटली. म्हातारपणी असं होतं माणसाला, माझ्या मामंजींना झालं होतं.

सुगतला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. त्याला दिसत होती नुसती पाठ. सदरा घामानं चिकटलेला, त्यातून फासळ्या दिसत होत्या. पहिल्यांदा तो आपल्या हातांकडं बघत वाजवत होता. मग त्या पाठीकडं बघायला लागला. मास्तर फुंकत होते, फुंकत होते, लांब, एका दमात. पाठ खाली खाली चालली, खांदे आत जायला लागले. ठेका चालूच. आता बोटं थरथरली. मानेची शीर तट्ट फुगली. मला वाटलं, संपला दम, पडतात आता...

सुगतची काडी वर गेली होती. ती वरच राहिली.

मारली नाही त्यानं.

ती ठरलेली जागा होती की नव्हती, मला विचारू नका. मला वाटतं त्यालाही माहीत नसावं. तो मोजत नव्हता. अर्धवट उठला होता स्टुलावरून, तोंड उघडं, डोळे त्या पाठीला चिकटलेले.

मास्तरांची पाठ रुंद झाली. खांदे वर आले. छाती भरली...

सगळं गप्प. मागच्या कोपऱ्यातून कावळा कुरडई घेऊन गेला, मी हूं की चूं केलं नाही.

मास्तर वळले नाहीत. बोटं तशीच हवेत धरलेली. जरा मान तिरपी करून मागं म्हणाले,

“ठेका उचल की, दामू. किती वेळ श्वास घेऊ?”